दाबून सोडलेला तुकडा

अप्पा, शुक्रवारी सकाळी मी डुकराच्या मेंदूचा नाण्याएवढा तुकडा मशिनच्या दोन चकत्यांमध्ये ठेवला. खाटिकखान्यातून आलेला, मिठाच्या पाण्यात जपलेला. तुम्हाला किळस येईल. मी नेहमीप्रमाणे आधी त्या जिवाला मनातल्या मनात हात जोडले. मेंदू खरवसाहून मऊ असतो. हळू दाबला तर पसरतो, जागा देतो. झटका दिला तर ताठरतो आणि आतून फाटतो. सोडला की वर येतो, होता तसाच दिसतो. पण लगेच पुन्हा दाबलं तर पहिल्यासारखा तग धरत नाही. हॅम्बुर्गला आल्यापासून मी प्रयोगशाळेत हेच मोजतोय. त्या सकाळी मात्र पडद्याकडे बघवेना.

कारण तुमची नात. तुम्ही गेल्यावर जन्मली, तुम्ही तिला पाहिलं नाही. पंधरा वर्षांची आहे, फुटबॉल खेळते. मंगळवारी सरावात दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर तिचं डोकं आपटलं. "आलेस गूट, बाबा, काही झालं नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघतो तर स्वयंपाकघरातला दिवा बंद करून, फ्रिजला कपाळ टेकून उभी.

"चल, डॉक्टरकडे जाऊ."

"शनिवारी फायनल आहे. नंतर जाऊ. ट्रेनरला सांगायचं नाही हं, बिट्टे, प्लीज! तू डुकरांचे मेंदू मोज, माझा नको."

मला हसू आलं, आणि मी हो म्हणून बसलो. मग दोन रात्री झोप नाही. पूजेला बसलो तरी कान तिच्या खोलीकडे.

तालमीची माती तुम्ही ताक-तेल घालून खालीवर करायचात, ढेकूळ न् ढेकूळ बोटांनी फोडायचात. "पोरं पडणारच, मातीनं झेलाय पायजे," म्हणायचात. जत्रेच्या आदल्या दिवशी मी तालमीच्या दगडी कडेवर डोकं आपटून पडलो होतो. सकाळी विहिरीमागे ओकलो, चूळ भरली. वाटलं, कुणी पाहिलं नाही. कुस्त्या सुरू झाल्या, माझा पुकारा झाला आणि भर मैदानात तुम्ही म्हणालात, "आज ह्यो उतरणार न्हाई." लोक हसले. "वस्ताद, लेकाला फुलासारखं जपताय जणू!" तुम्ही मातीकडे बघत उभे. मी आठवडाभर तुमच्याशी बोललो नाही. तुम्ही कारण सांगितलं नाहीत, रोज फक्त माझ्या ताटाशेजारी दुधाचा पेला ठेवत राहिलात.

आज रविवार. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. तिचा संघ तिच्याशिवाय जिंकला, आणि ती दार लावून पडून आहे. दाराबाहेर ठेवलेल्या दुधावर साय धरली आहे. हा कागद मी देवघराच्या खणात ठेवून देईन, दुसरं काय करणार.

शुक्रवारी मी तो तुकडा तसाच चकत्यांमध्ये सोडून बाहेर जिन्यात आलो आणि ट्रेनरला फोन करून सगळं सांगून टाकलं. आधी तिला सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा पाहिला असता तर माझ्याच्यानं झालं नसतं. अप्पा, त्या दिवशी तुम्हीही माझ्याकडे पाहिलं नव्हतं.