आक्का, कोळसा मी धुतला

प्रिय आक्का,

उद्या आमच्या मंडळाची वार्षिक सभा आहे, म्हणून आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अडीच महिने झाले. तुम्ही होतात तेव्हा लिहिलं नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला ‘चुकलं’ म्हणता येत नव्हतं. दुसरी अडचण मोठी होती.

परवा तुमच्या रानात गेले होते. विहिरीकडचा पट्टा आठवतो ना, मंडळाला प्रयोगासाठी दिलेला? तिथला शाळू माझ्या डोक्याच्या वर गेलाय! शेजारचा जेमतेम खांद्याला. 

मंडळातली आम्ही आठ निवृत्त माणसं उन्हाळ्यात दर रविवारी साताऱ्याहून एसटीनं रहिमतपूरला यायचो आणि सांगत सुटायचो, तुरीच्या वाळक्या काड्या, तुरकाट्या, बांधावर जाळून राख करू नका, झाकणाच्या पिंपात कोंडून कोळसा करा, तो मातीत मिसळा, माती ओल धरते. लोक हसले. "आवं, कोळसा चुलीत घालत्यात का रानात?" तुम्ही एकट्या उठलात. "माझ्या रानात घाला. रान माझं हाय, हसणाऱ्याचं न्हाई."

आणि मी काय केलं? तो कोळसा धुतला! काळी भुकटी उडते, हात बरबटतात, मला सहन होईना. सिस्टर रोज सकाळी नखं तपासायच्या अशा कॉन्व्हेंटात वाढलेली मी! तुमच्या विहिरीवर पाट्या पाट्या कोळसा धुऊन गोणपाटावर वाळत घातला. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होतात.

"बाई, त्याला न्हाऊ घालताय व्हय? आता काजळ-तीट बी लावा."

मग हसू आवरून म्हणालात, "कोरडा कोळसा लय तहानलेला असतोय. रानातलं समदं पिऊन टाकंल. आदी गोठ्याच्या खड्ड्यात महिनाभर मुरू द्या त्याला."

"गोठ्याच्या घाणीत? शी! आक्का, हे शास्त्र आहे," मी म्हणाले. कोणत्या तोंडानं म्हणाले असेन!

कोळसा न मुरवता तसाच मातीत घातला आणि त्या पट्ट्यातला घेवडा पिवळा पडला. देवळात गाव जमला होता आणि मी पायरीवर उभी राहून अहवाल वाचला, "लागवडीनंतर योग्य निगा न राखल्याने पीक पिवळे पडले." तुम्ही समोरच बसला होतात. मागून कुणी म्हणालं, "आक्कानं घालवलं." तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, "व्हय, माझंच ध्यान ऱ्हायलं."

का म्हणालात तसं? सुटलेली एसटी हाक मारून थांबवणारी बाई तुम्ही! तिथेच मला गप्प का नाही केलंत? मला खरंच राग आलाय तुमचा.

परवा तुमच्या सुनेनं, मंगलनं सांगितलं. "घेवडा काढल्यापासनं पेरणीपतोर आत्या रोज गोठ्याचं पाणी बादलीनं तिथं वतायच्या. म्हनायच्या, बाईंना सांगू नगंस, बादली धुवाय लावतील."

मी हसले, आक्का.  मंगल पुढे म्हणाली, "मी इचारलं, देवळात का गप बसलासा? तर म्हनल्या, बाई एवढ्या लांबनं येती, चार लोकांत तिला कसं खाली बघाय लावायचं?"

तुमचा मान मी चार लोकांत घालवला आणि माझा तुम्ही राखलात. दिवाळीनंतर तुम्ही गेलात तेव्हाही गावात त्या पट्ट्याचं नाव तुमच्या हलगर्जीपणाशीच जोडलेलं होतं. तुमच्या दिवसांना मी आले, पुरणपोळी जेवले आणि गप्प परत गेले. तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं, ही सबब मी स्वतःलाही देणार नाही. तुम्ही विहिरीवर सांगितलं होतं. ऐकलं मीच नाही.

आता आमच्या अध्यक्षांचं ऐका. सकाळी त्यांचा फोन. शाळू म्हणे ‘मंडळाच्या कोळशाचं यश’ म्हणून वार्षिक अहवालाला जोडायचा, आणि घेवड्याची ओळ आहे तशी राहू द्यायची! तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलीत मी. लाइन कशी तोडायची ते मला चांगलं माहीत आहे. तोडली.

अहवालाच्या सायक्लोस्टाईल केलेल्या साऱ्या प्रती माझ्यासमोर आहेत. प्रत्येकीवर ती ओळ हातानं खोडून वर लिहितेय, "कोळसा न मुरवता घातल्याने पीक पिवळे पडले. आक्कांनी आधीच बजावले होते." उद्या सभेत हेच वाचणार. येत्या रविवारी तुमच्या देवळात, त्याच पायरीवर, त्याच लोकांसमोर पुन्हा वाचणार. मंगलला पुढे बसवणार.

आणि यंदाचा कोळसा तुमच्याच गोठ्याच्या खड्ड्यात मुरेल. बादली मी धरेन. धुणार नाही, शब्द देते.

तुमची,
कोळशाला न्हाऊ घालणारी
मालतीबाई