पाणी दिलं होतं, साहेब

शिंदखेडा,
ता. २ डिसेंबर २०२४

चि. संघमित्रा हिला आबाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. इकडे सगळे बरे आहोत. तिकडे शिकायला राहून मेहरूणच्या खोलीत तू नुसत्या मॅगीवर जगतेस असा तुझ्या आजीचा ठाम समज आहे, म्हणून तिनं भाकरीसाठी कळण्याचं पीठ बांधून ठेवलंय. माझा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तो काय, पंधरा वर्षं कुरकुरतोच आहे.

त्यातला तुझा लेख आजीनं शेजारच्या रूपाकडून दोनदा वाचून घेतला. ‘शत्रूला पाणी पाजणारा शिपाई : माझे आबा’, आणि वर माझा फौजेतला फोटो. मानवी हक्क दिनाला तुमच्या लॉ कॉलेजात हा फलक लागणार, मला शाल मिळणार आणि मी युद्धकैद्यांविषयी चार शब्द बोलायचे. काल रविवारी फोनवर तू युद्धकैद्यांच्या करारातलं ते कलम वाचून दाखवलंस. मारहाण, धमकी आणि अपमान, यांपासून कैद्याला जपलं पाहिजे. मी ‘आवाज कटतोय’ म्हणून फोन ठेवला. पोरी, आवाज कटत नव्हता.

तू लिहिलंस ते खोटं नाही. एकाहत्तरच्या लढाईनंतर, बहात्तर साली आमच्या छावणीत कैद्यांना गरम रोटी-डाळ मिळे, त्यांची पत्रं घरी जात, ईदला नमाज होई. सुभेदारसाहेबांना कैद्याच्या अंगाला हात लावलेला खपत नसे. मीही कधी लावला नाही.

मे महिन्यात नवलच्या आईचं पत्र आलं. नवल माझ्याच गावचा, आम्ही एकाच दिवशी भरती झालेलो. आदल्या डिसेंबरात, लढाईत तो सरहद्दीपलीकडे पडला, देह दोन दिवसांनी हाती आला. यशोदाबाईंनी कुणाकडून तरी एकच ओळ लिहवून घेतली होती. “मना नवलले शेवटला पानी भेटनं का रे, भाऊ?”

त्याच दुपारी माझी ड्यूटी पाण्याच्या रांजणाजवळ होती. नजीर नावाचा एक उंच, हडकुळा कैदी पाणी मागायला आला. रांजणावर जर्मनचा मग असायचा, तो मी पाठीमागे लपवला. तांब्या उंच धरून म्हणालो, “हाथ आगे कर.” तो वाकला. त्यानं ओंजळ केली आणि मी वरून धार सोडली.

हे मी कुठं शिकलो? गावच्या विहिरीवर माझी आई, तुझी पणजी झुंबरबाई, अशीच वाकायची. अर्धं पाणी तिच्या कोपरांवरून खाली जायचं आणि मी तिचं लुगडं धरून उभा असायचो. त्या धारेनं माणूस केवढा लहान होतो हे मला पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच मला ती धरता आली.

आणि मला बरं वाटलं, संघमित्रा. लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं. चार दिवस मी तेच केलं. पाचव्या दिवसापासून नजीर माझ्या पाळीत पाणी मागेनासा झाला, आणि तीनच दिवसांत उन्हात कोसळला. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, याला पाणी मिळत होतं ना? मी म्हणालो, “दिलं होतं, साहेब.” खाटेवरून नजीरही म्हणाला, “दिया था, साहब.”

तो बरा होऊन परत आला तेव्हा मी मग घासून ठेवला होता. काठोकाठ भरून दोन्ही हातांनी पुढे केला. त्यानं मगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वाकून ओंजळ पुढे केली. “लो ना, भाई,” मी म्हणालो. तो तसाच वाकलेला राहिला. शेवटी मगातलं पाणी मी वरूनच ओतलं. मायदेशी जाईपर्यंत माझ्या हातून तो असंच प्यायला.

नवलला शेवटी कुणी पाणी पाजलं असेल, तर ते नजीरसारख्याच कुणीतरी. हे मला फार उशिरा सुचलं. यशोदाबाईंना मी कळवलं होतं, ‘भेटलं.’ मला काहीच ठाऊक नव्हतं.

सुट्टीवर आलो तेव्हा आईनं सगळ्यात आधी तेच विचारलं. “कैदीस्ले पानी देत व्हता ना रे, गुलाब?” मी म्हणालो, देत होतो. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तो हात अजून पाठीवर आहे. बावन्न वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलो, आणि तूही तेच ऐकत मोठी झालीस.

फलकावरचा मथळा तेवढा बदल. शाल नको. दहा तारखेला धुळ्याला गाडी बदलून मी येईन, पण हेच सांगायला. तुमच्या प्राचार्यांना असा पाहुणा नको असेल तर तसं कळव, मी रुसणार नाही. तू मात्र वकील होणार आहेस. कोठडीतल्या माणसाबद्दल कुणी ‘सगळं दिलं होतं’ म्हणालं, तर कसं दिलं, ते विचारत जा.

पीठ घेऊन आधी तुझ्या खोलीवर येतो. दारात आल्यावर तू पाणी आणशीलच. ते मला कसं द्यायचं, हे पत्र वाचून तू ठरव.

तुझा आबा,
गुलाब