लॅटिनच्या तासाला कोंबडी

३ जुलै

तीर्थरूप दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

तुझ्या पायाचं प्लास्टर निघेपर्यंत तुझा लॅटिनचा तास मी घ्यायचा, असं ठरलं खरं; पण अकरा मुली म्हणजे काय, ते शाळेचं ग्रंथालय सांभाळताना कळत नव्हतं. तू भिंतीवर लावलेले विभक्तीचे तक्ते त्या घडाघडा म्हणतात. मी फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं, तर अकराही जणी खिडकीबाहेर बघू लागल्या.

मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलंय, की शुक्रवारी त्या वर्गात येऊन बसणार. पसंत पडलं नाही तर हा तास टंकलेखनाला जाणार. म्हणून मी तक्ते उतरवले आणि मराठीपासून सुरुवात केली. 'मांजर उंदराला खातं' आणि 'उंदराला मांजर खातं': शब्द हलले तरी अर्थ हलत नाही, कारण 'ला' उंदराला चिकटलाय. लॅटिनमध्ये तेच काम शब्दाच्या शेवटी येणारा 'म्' करतो. मग 'ला' कुणाला लावायचा यावरून मुली चक्क भांडल्या.

अक्काच्या घरी आहेस, तिला छळू नकोस. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी धाकटी

६ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तक्ते उतरवलेस हे वाचून मी ताडकन उभा राहायला गेलो. अक्काने दटावून परत बसवलं. बावीस वर्षं ते तिथे होते. आधी पाठांतर, मग वाक्य. शुक्रवारच्या आत ते पुन्हा लाव. बाईंना लॅटिन येत नाही. पाठांतर ऐकलं की त्या मान डोलावतात आणि जातात. तास गेला, तर मी परत येऊन शिकवू काय?

रागावलोय, पण लोभ कमी झालेला नाही.

दादा

११ जुलै

तीर्थरूप दादास,
सा. न. वि. वि.

तक्ते लावले नाहीत. आता पुढचं शांतपणे वाच.

बाईंना कोंबडी किती आवडते, ते साऱ्या शाळेला ठाऊक. म्हणून शुक्रवारी बाई वर्गात येऊन बसल्यावर मुलींनी फळ्यावर लिहायचं ठरवलं, 'माजिस्त्रा गालिनाम् वोरात', म्हणजे 'बाई कोंबडीला फस्त करतात'. घाईघाईत त्यांच्यातल्या चष्मेवालीने 'म्' कोंबडीऐवजी बाईंना लावला. बाईंनी नेमका अर्थ विचारला. चष्मेवाली उठून प्रामाणिकपणे म्हणाली, "कोंबडी बाईंना फस्त करते."

बाई फळ्यापाशी गेल्या. शब्द जागचे न हलवता आपल्याला वाचवता येईल का, असं त्यांनी विचारलं. अकरा हात वर. बाईंनी स्वतः 'म्' पुसून कोंबडीला लावला आणि तास संपेपर्यंत प्रश्न विचारत राहिल्या. तास टिकला. अट एकच: दर शुक्रवारी त्या मागच्या बाकावर बसणार.

रागाव, पण उत्तर धाड.

धाकटी

१५ जुलै

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

पत्र अक्काला वाचून दाखवलं. ती इतकी हसली, की चहा माझ्या प्लास्टरवर सांडला. मला हसू यायला दोन दिवस लागले.

बावीस वर्षांत माझ्या वर्गात एकाही मुलीने प्रश्न विचारला नाही. मला वाटायचं, मी सगळं नीट समजावतो म्हणून.

महिनाअखेर येतोय. पहिला आठवडा तास तूच घे, मी मागच्या बाकावर बसेन, शुक्रवारी बाईंच्या शेजारी. हात वर केला, तर मला विचारू दे.

वयाने मोठा असलो, तरी या वेळी लोभ मीच मागतोय.

दादा