मंजूर! मंजूर!

१४ मार्च २०१६
सर्वे माझ्या गळ्यात पडला! संशोधक विद्यार्थी आपल्या परिषदेवर समाधानी आहेत का, ते विद्यापीठाला कळवायचंय. परिषद म्हणजे तिचा अध्यक्ष बंकट. साखर कारखान्याच्या पॅनलसारखी घरात बसून ठरवलेली — बिनविरोध! वसतिगृहाच्या पाण्याच्या टँकरसाठी आम्ही दोन महिने त्याच्या मागे लागलोय. ढिम्म!

मला मात्र सर्वे हवाच होता. सगळे खरं बोलले तर विद्यापीठ तरी टँकर धाडील. नाहीतर वसतिगृह बंद. आप्पांनी फोनवर सांगूनच टाकलंय — "बंद झालं की धारूरला घरी ये. मग पीएचडी-बिएचडी न्हाई, सोयरीक बघू."

१६ मार्च
खोल्या पालथ्या घातल्या. माझ्याच खोलीतली अयोध्या रिकामी बादली आपटत म्हणाली, "परिषद लई निकम्मी हाय!" लिहू का, विचारलं तर "नको गं बाई, नाव कळंल." सगळ्यांचं तेच. डोकं फिरलंय.

१७ मार्च
अभ्यासात मन नाही. नुसत्या येरझाऱ्या.

१९ मार्च
बंकट म्हणे, "खोलीखोलीत कशापायी फिरतीस? सभाच घेऊ की." हो म्हणाले. एकाला धीर आला की बाकीचे बोलतील. अयोध्यानं तर शब्द दिलाय.

सभा म्हटलं की आप्पांची दूध सोसायटी आठवते. मी त्यांच्या मांडीवर. सगळ्यांबरोबर 'मंजूर!' ओरडायचं, मग पेढा!

२१ मार्च
सभा झाली.

बंकट सोसायटीच्या चेअरमनसारखा भराभरा वाचायला लागला. "मागचं इतिवृत्त, मंजूर?" "मंजूर!" "परिषदेच्या कामावर समाधान, मंजूर?" "मंजूर!" अयोध्यापण ओरडली! मी उठणार, तेवढ्यात चहा आला. "पाणी येईस्तोवर वसतिगृह बंद, मंजूर?"

"मंजूर!"

मीपण. हो, मीपण ओरडले! तोंडातून निघूनच गेलं. परत विचारा म्हटलं, तर बंकट हसतो — "ठराव झाला की. एकमतानं!" बाहेर आल्यावर अयोध्या विचारते, "अगं, शेवटचं काय होतं?" रडू की तिला मारू, कळेना.

२३ मार्च
धारूर. हातात ट्रंक. आई दारातच — "अशी अचानक कशापायी आलीस गं? कुणी काढलं का?"

"न्हाई. आमीच मंजूर केलं."