सुभेदारांचा गुन्हा

मंगळवार, १८ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आत्या गेली. धंतोलीच्या दवाखान्यातून आत्ताच परतलो, आणि दुपारचं बोलणं डोक्यातून जात नाही.

खापरपणजोबांचं दुःख तिनं आयुष्यभर वागवलं. ते कामठीच्या छावणीत साधे शिपाई म्हणून लागले आणि इंग्रजांच्या पलटणीत सुभेदारपदापर्यंत चढले. मग तापानं फणफणलेल्या एका शिपायाला फटके मारायचा हुकूम आला. त्यांनी तो मानला नाही. लष्करी कोर्टानं बडतर्फ केलं, सगळ्या पलटणीसमोर कोटाची बटणं कापली. ही गोष्ट सांगताना बटणांपाशी आली की आत्याचा आवाज नेहमी बसायचा.

आज म्हणाली, "तू फौजेतला वकील होता. सांग, अन्यायच झाला ना गा त्यायच्यावर?"

हो म्हणायचं होतं. तेवढंच तर हवं होतं तिला. पण जन्मभराची सवय... म्हणालो, "आत्या, हुकूम मोडणं हा तेव्हाच्या कायद्यानं गुन्हाच. मी त्या कोर्टात असतो तरी हाच निकाल दिला असता."

तिची बोटं दवाखान्याच्या गाऊनच्या बटणावर फिरत राहिली. मग हळूच म्हणाली, "अन् त्यायच्या जागी असता त? मारलं असतं त्या पोराले?"

तेवढ्यात नर्सनं मला बाहेर पाठवलं. परत आत गेलो तेव्हा ती शुद्धीत नव्हती.

'नाही, मारलं नसतं' म्हणायला कितीसा वेळ लागला असता? पण ते खरं असतं का, हे मला अजूनही सांगता येत नाही.