शाल्मलीपुरात बाजार कधी भरतो

२ नोव्हें., रवि.
सांगलीच्या वाचनालयात नवलेखकांसमोर दीड तास बोलले. विषय: कादंबरीसाठी काल्पनिक जग कसं उभारावं, अभ्यास कसा करावा. अकरा वर्षं नुसती भांडी घासणाऱ्या बाईला पाककलेवर बोलवावं तसं. बोलण्याच्या भरात म्हणाले, "तेवीस तारखेला प्रत्येकानं पहिलं प्रकरण आणायचं. मीही माझं वाचेन." टाळ्या.
जीभ कर्मेंद्रियही आणि ज्ञानेंद्रियही. आज कर्म आधी झालं, ज्ञान बसमध्ये आलं.
माझ्याकडं प्रकरण नाही. एका रचलेल्या राज्याच्या वह्या आहेत. बारा.

४, मंगळ.
दैनिकाला उसाच्या ट्रॉल्यांची बातमी पाठवली. वाक्यं गेल्या वर्षीची, खड्डे नवे.
संध्याकाळी वर्गातले सुभेदार घरी आले. निवृत्त, पाटणकडचे. "मॅडम, नमुना म्हणून तुमचं राज्य दाखवा की." सातवी वही दिली. शाल्मलीपूर: चौदा राजे, त्यांच्या राण्या, कोणाचं लग्न कोणत्या नक्षत्रावर, राजप्रशस्तीचे चाळीस श्लोक, सगळे अनुष्टुभात. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली. अकरा वर्षांत पहिला वाचक! कराडभर हिंडून यावंसं वाटलं.

८, शनि.
सु.चा फोन. "राज्य तयार हाय. बघायला या." म्हणजे काय?

९, रवि.
पाटणला उतरून पुढं जीपनं सु.च्या गावी. अंगणात शाल्मलीपूर! फौजेत चढाईआधी मुलूख जमिनीवर मांडतात, सँड मॉडेल, तसं. वाळू, हिरवा रंगवलेला भुसा, नदीला नीळ, तटाला विटांची भुकटी, राजवाडा काडेपेट्यांचा. डोळे भरले, कबूल.
मग सु.नी छडी उचलली. "मॅडम, ही राजधानी दीड तासात पडंल."
"चौदा पिढ्या टिकलीय."
"कुणी आलंच न्हाई म्हणून टिकली."
एव्हाना गल्लीतल्या बायका जमलेल्या. सु.च्या पत्नी, आक्का, कमरेवर हात ठेवून सगळं न्याहाळत होत्या. "आवं बाई, हितं बाजार कवा भरतो?"
वही चाळली. उगाच.
शेजारीण म्हणाली, "आन् राजवाडा एवढा वर, मग पाणी कोण व्हातं?"
"राणी!" दुसरी. हशा. पट्टराणी सौदामिनीदेवींच्या डोक्यावर हंडा. मीही हसले, पोट धरून.
बाजाराच्या वारावरून अर्धा तास भांडण. सोमवार नको, उपासाचा, मटण खपायचं न्हाई. शेवटी मंगळवार. आक्कांनी नदीच्या उतारावर मूठभर ज्वारी टाकून जागा धरली. कोंबडीनं ती लगेच टिपली. म्हणजे बाजार सुरू झाला.
बसमध्ये हिशेब: चौदा पिढ्यांचं आकाशपुष्प, आणि एकालाही कधी तहान लागलेली नाही.

१२, बुध.
एक ओळ नाही. वर्गासाठी टिपण तेवढं केलं: राजाचं नाव शेवटी ठरवा. आधी बाजाराचा वार, मग पाणी, मग कोण कोणाला ओळख देत नाही ते. ग्रंथ जरूर वाचा, पण वाचलेलं अंगणात मांडून आक्कांना दाखवा.
उपदेश छान जमतो मला. अकरा दिवस उरले.

१८, मंगळ.
पाच पानं! बाजार भरला. एक बाई मेंढा विकायला घेऊन उभी आहे, सकाळपासून. राजा कुठंच नाही. बारा वह्या माळ्यावर टाकल्या. हात दुखतोय, आणि काय छान दुखतोय.
सु.ना फोन केला.
"लढाई घेतली का?"
"नाही. मेंढा."
"बरं. त्याच्या चाऱ्याचं बघा."

२३, रवि.
वाचलं. संस्कृतची बासष्ट शब्दरूपं घडाघडा म्हणणारी मी, पाच पानांत तीनदा पाणी प्याले. आक्काही आल्या होत्या, पहिल्या रांगेत.
वाचून झाल्यावर मागच्या रांगेतल्या दोघांनी पिशव्या उचलल्या. झालं, म्हटलं, पडली राजधानी.
मग जतची सविता उठली. अंगणवाडीत शिकवते, माहेरी मेंढरं. "मॅडम, त्यो मेंढा दावं ताणतोय असं लिवलंय तुमी. घरचं जनावर आपल्या माणसापाशी असं ताणत न्हाई. मेंढा तिचाच हाय का?"
ताण मी घातला होता वाक्याला लय हवी म्हणून. चौदा राजांची जन्मनक्षत्रं पाठ. या बाईबद्दल एवढंही ठाऊक नाही.
"माहीत नाही," म्हणाले. वर्गात एकदम गलका. चोरलाय! न्हाई, सासरचा असंल! नवऱ्याला न सांगता आणलाय!
"आमच्यात वळखीसाठी रंगाचा ठसा मारत्यात अंगावर," सविता म्हणाली.
आक्का: "मग बघा की ठसा, बाई. हितं काय बसलाय?"
परतीची बस अजून सुटायची आहे, तोवर लिहितेय. मेंढ्याच्या पाठीवर ठसा आहे. हिरवा. तिनं पदर टाकून झाकलाय, आणि समोरून कोणीतरी येतंय, तिच्याच रोखानं, तो—