मीराताईला पाठवलेला कडू कागद

दिंडोशी, गोरेगाव (पूर्व)
३ मार्च

ती. मीराताईस,

तुझ्या धाकट्या बहिणीचा, नलूचा, वाकून नमस्कार. सहा वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल, पण पत्र टाकू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं आपल्या मावसभावाकडून, कणकवलीच्या सर्वेशकडून कळलं (तो न विचारताही सगळं सांगतो. तुझ्या अंगणातला फणस यंदा किती धरलाय तेही मला पाठ आहे). इकडे आम्ही ठीक आहोत. ह्यांची साखर काबूत आहे, माझा उजवा खांदा नाही. श्रुतिका एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि हे पत्र लिहायची वेळ आली ती तिच्यामुळेच.

झालं असं, की मुलुंडला तिच्या कॉलेजात गेल्या शनिवारी विज्ञानाचा मेळा होता. तिथे चाललेलं संशोधन सर्वसामान्य लोकांना दाखवायचं, असा बेत. आता दुपारी एक वाजता मुलुंडचे सर्वसामान्य लोक पंखा लावून पडलेले असतात. म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या घरचे दोन सर्वसामान्य आणावेत असं ठरलं. आमच्या वाट्याला आम्हीच आलो. मी म्हटलं, मला यातलं काय कळणार? श्रुतिका म्हणाली, "आई, तुला काही कळत नाही म्हणूनच बोलावलंय." (ही बोलण्याची पद्धत! आपण आईशी असं बोललो असतो का? तू बोलली असतीस.) मग पवईवरून जाणाऱ्या बसने गेलो. मी नारळाच्या वड्यांचा डबा घेतला होता, कारण रिकाम्या हाताने संशोधन बघायला जायचं बरं दिसत नाही.

पहिली खोली श्रुतिकाचीच. विषय, कणांचं भौतिकशास्त्र. मला वाटलं होतं मोठं यंत्र असेल, दिवे लागत-विझत असतील. बघते तर मासे पाळायची काचेची पेटी उलटी घालून ठेवलेली, आत स्पिरिटसारखं काहीतरी भिजवलेला जाड कापडाचा तुकडा, आणि खाली सुका बर्फ. बर्फावर अ‍ॅल्युमिनियमची काळी पत्री. ती पत्री ह्यांनी केलेली! साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथ चालवली, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, तरी लेकीसाठी जुन्या मालकाकडे जाऊन स्वतः घासून आणली. त्यामुळे जो येईल त्याला हे पेटीऐवजी पत्रीच दाखवायचे. "कड बघा, हात फिरवून बघा, कुठे खरखर लागते का?" आत विश्वाचं रहस्य चाललंय आणि लोक पत्रीच्या कडेवरून बोट फिरवतायत. शेवटी श्रुतिकाने त्यांना पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं.

मग मी वाकून बघितलं, आणि ताई, खरं सांगते, तिथून हललेच नाही. आधी नुसतं धुकं. मग एकदम एक पांढरी रेघ उमटते, मांजराच्या मिशीएवढी, आणि विरून जाते. मग दुसरीकडे आणखी एक. विमान दिसत नाही पण आकाशात मागे रेघ राहते ना, तसं. हे कण म्हणे अंतराळातून येणाऱ्या किरणांमुळे वर हवेत तयार होतात आणि सरळ खाली येतात. छप्पर, स्लॅब, वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड, कशाला जुमानत नाहीत. आपल्या तळहातातून सेकंदाला एखादा तरी जातो. मी विचारलं, "मग मला कळत कसं नाही?" श्रुतिका म्हणाली, "न कळता बरंच काही होत असतं, आई." मी तळहात पुढे करून जरा वेळ डोळे मिटून उभी राहिले, काही लागतंय का बघायला. कण लागला नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्या एका मुलीने हातात पत्रक ठेवलं.

अर्ध्या तासात मी इतकी तयार झाले की नव्या लोकांना मीच समजावू लागले. घाटकोपरहून आलेल्या एका बाईंना मी सांगितलं की हे सगळं सूर्यावरून येतं. त्यांनी लगेच पेटीला नमस्कार केला. श्रुतिका मागून दातओठ खात म्हणाली, "सूर्यावरून नाही गं, बरेचसे त्याच्याही खूप पलीकडून!" बाईंनी परत नमस्कार केला, या वेळी जास्त वाकून. मग श्रुतिकाने मलाही पाणी आणायला पाठवलं.

अशी मी दुसऱ्या खोलीत पोचले. ती मानसशास्त्राची. तिथे देवेश नावाचा एक मुलगा, दाढीवाला, पण बोलायला इतका मऊ की दाढी लावलेली वाटावी. माणसाच्या आठवणीवर त्याचं संशोधन आहे. आम्हा सात-आठ जणांना खुर्च्यांवर बसवून त्याने बारा शब्द वाचून दाखवले, मग पाच मिनिटं भलत्याच गप्पा मारल्या, आणि मग विचारलं, कुठले शब्द आठवतात? मी पहिली! गादी, उशी, पांघरूण, जांभई, डुलकी, घोरणं, अंगाई, झोप, स्वप्न. तो म्हणाला, "मावशी, 'झोप' नव्हता." मी म्हटलं, होता. तो म्हणाला, नव्हता. मी म्हटलं, बाळा, 'अंगाई'नंतर तू जरा थांबलास, घसा साफ केलास आणि 'झोप' म्हणालास. शेजारच्या तिघीही म्हणाल्या, होता. (एकीला तर तो दोनदा ऐकू आला होता.) त्याने कागद दाखवला. कागदात नव्हता. मी म्हटलं, कागद बदललास. मग त्या बिचाऱ्याने मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं. त्यात 'अंगाई' होतं, घसा साफ करणं होतं, आणि पुढे 'पलंग' होतं.

लोक हसले, मीही हसले, पण मनातून चरकले. तो म्हणाला, "तुम्ही खोटं बोलत नाही, मावशी. सगळे शब्द झोपेचे, म्हणून मनाने तो एक आपला आपण भरला. आणि एकदा भरला की आवाजासकट आठवतो. बहुतेकांचं असंच होतं." मी विचारलं, घरच्या भांडणांचंही असंच होतं का रे? तो म्हणाला, तिथे तर फार, कारण तेच तेच आपण मनात परत परत वाजवतो. मी त्याला दोन वड्या दिल्या आणि बाहेर आले.

तिसऱ्या खोलीशी हे भेटले, पाण्याची बाटली हातात घेऊन तासभर फिरत होते. ही खोली आनुवंशिकीची, म्हणजे आई-बापांकडून आपल्यात काय काय उतरतं त्याची. तिथे होती संघमित्रा, श्रुतिकाची जिवाभावाची मैत्रीण. घर घाटकोपरला, मूळचे बीडकडचे. बोलायला एकदम सडेतोड. तिने ह्यांच्या जिभेवर कागदाची छोटी पट्टी ठेवली. हे म्हणाले, "कागद." मग माझ्या जिभेवर ठेवली. ताई, काय सांगू! कडू म्हणजे किती कडू! मी "याला काय फासलंयस गं!" असं ओरडले, पाणी ह्यांच्या हातात आहे हे विसरले, आणि समोरच्या ताटलीतले दोन पेढे एकदम तोंडात टाकले. ते प्रमुख पाहुण्यांचे होते. पाहुणे शेजारीच उभे होते. त्यांनी तिसरा पेढा स्वतःहून माझ्यापुढे केला, भले गृहस्थ.

मला वाटलं, ह्यांना मुद्दाम साधा कागद दिला. संघमित्रा म्हणाली, "नाही काकू, दोन्ही एकच. काही जणांना ही चव लागते, काही जणांना लागतच नाही. जन्मापासूनच. सख्ख्या भावंडांतही एकाला लागते, एकाला नाही. आमच्याकडे मुळ्याच्या पाल्यावरून मायलेकींचं रोज वाजतं. आई म्हणते गोड आहे, मी म्हणते कडू आहे, आणि दोघी खऱ्या. कोबी, मुळा, मोहरी, यांच्यात त्याच जातीचा कडसरपणा असतो."

मोहरी म्हटल्यावर मी स्टुलावर बसले.

तुला वेगळं सांगायला नको. तुझ्या नव्या घराची वास्तुशांत, पानं वाढलेली, तुझ्या सासरची माणसं जेवायला बसलेली, आणि तू पहाटेपासून राबून केलेलं आंब्याचं सासव. मोहरी-खोबरं वाटून, रायवळ आंबे घालून, आई करायची तसं. आणि मी पहिल्याच घासाला मोठ्याने म्हटलं, "ताई, कडू झालंय गं. आईचं असं नव्हतं." सगळ्यांनी वाट्या बाजूला सारल्या. चव न बघताच. माझं तोंड आधीच चाललं होतं. आता इतकंच कळलं की मला ते खरंच कडू लागलं होतं, आणि तुला बहुतेक खरंच लागलं नव्हतं. आई माझ्या वाटीत वरून गूळ घालायची, ते मला आत्ता आठवतंय. तेव्हा लाड वाटायचा. (की हाही माझ्या मनाने भरलेला गूळ, कोण जाणे! त्या देवेशने माझी पार वाट लावली आहे. तेव्हापासून मी गॅस बंद केला की नाही तेही तीनदा बघते.)

पण मला तुझा राग होता तो सासवाचा नव्हताच. तू वाट्या उचलताना सगळ्यांदेखत म्हणालीस, "मुंबयच्या पाण्यान तुजी जीभ नासली गो, नलू." ते मला लागलं. सहा वर्षं मी ते उगाळत होते, तुझ्या आवाजात, तुझ्या त्या 'गो'सकट. परत येताना बसमध्ये मी ह्यांना विचारलं,

"वास्तुशांतीला मी सासव कडू म्हटल्यावर ताई काय म्हणाली हो?"

"काही नाही म्हणाली. वाट्या उचलल्या आणि आत गेली."

"जीभ नासली, असं नाही म्हणाली?"

"मी तरी नाही ऐकलं."

"अहो, मग सहा वर्षं मला सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू मला सांगत होतीस."

कंडक्टरने तिकीट मागितलं तर मी त्याला वडी दिली. त्याने ती खाल्ली आणि परत तिकीट मागितलं.

तर ताई, तू काही न बोलता आत गेली असशील तर आत जाऊन काय केलंस, याचा विचार मी कधी केलाच नाही. तुझ्या तोंडी एक वाक्य घालून मी मोकळी झाले होते. पंगतीत बोलले ते चुकलं माझं. कडू लागलं असेल, पण बोलायला नको होतं. भावोजींना नमस्कार. गुडघ्यांना शेक घे, चटका लागेपर्यंत नको.

तुझी,
नलू

ता. क. पाकिटात प्लॅस्टिकच्या पुडीत एक पट्टी आहे. जिभेवर ठेवून काय लागतं ते बघ. संघमित्राने बजावलंय की यावरून कोण बरोबर ते ठरत नाही, फक्त कोणाला काय लागतं तेवढंच कळतं. तरी मला कळव. आणि तुलाही ती कडू लागली तर माझं वरचं सगळं शास्त्र कोसळलं, मोहरीच त्या दिवशी बिघडली होती असं धरू. माफी मात्र तशीच राहील, ती पट्टीवर अवलंबून नाही.

ता. क. दुसरं. पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून हे डोकं खाजवत म्हणाले की त्या वेळी आपण पंगतीत नव्हतोच, मागे विहिरीवरचा पंप बघायला गेलो होतो, आणि वाट्या आत जाताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसल्या! म्हणजे साक्षीदारही गेला. तू ते म्हणालीस की नाही, हे आता तुझं तुलाच माहीत. म्हणाली असशील तरी चालेल गं. माझ्या वाक्यापुढे ते काहीच नाही.

ता. क. तिसरं, आणि मुद्द्याचं. शिमग्याला तुझ्याकडे यायची गाडीची तिकिटं आम्ही परवाच काढली, येत्या रविवारची. पोस्टातली बाई म्हणते पत्राला आठ दिवसही लागतील. तेव्हा पत्राच्या आधी मीच दारात उभी राहिले, तर काही विचारू नकोस, दार उघड. पत्र मागाहून येईल.